मदत हवी आहे: शाळेच्या शेवटच्या नळाला क्लोरीन टिकत नाही

शाळेत 320 मुलं, पिण्याचे सहा नळ, गच्चीवर 2000 लिटरची प्लॅस्टिकची टाकी. पाणी बोअरचं, टीडीएस 280, गढूळपणा नाही. त्यामुळे कृपया आरओ सुचवू नका, चांगलं पाणी उगाच गटारात जाईल.

संध्याकाळी टाकी भरली की 16 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर (25 टक्के क्लोरीनची, म्हणजे डोस 2 पीपीएम, लिटरला 2 मिलिग्रॅम) बादलीत कालवून फक्त वरची निवळी टाकीत ओततो. सकाळी ओटी टेस्टला (थेंब टाकून पिवळ्या रंगावरून उरलेला क्लोरीन बघायची) पहिल्या पाच नळांना 0.5 पीपीएम येतं. सहाव्याला रंगच येत नाही, आणि तिथल्याच पाण्याची एच टू एस बाटली (जंतू असले की काळी पडते ती) 24 तासांत काळी पडली. तो नळ सध्या बंद ठेवलाय.

टाकी घासली, तोटी बदलली. डोस दीडपट केला तर वासामुळे मुलं पाणीच पिईनात. नळ दहा मिनिटं सोडून दिला की 0.2 येतं, तासाभरात पुन्हा शून्य.

संशय एकाच जागेवर आहे: सहाव्या नळापुढे जुन्या बेसिनची चार मीटर जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाची) लाइन एंड कॅप लावून तशीच सोडलीय. कॅप उघडली तर तांबूस, बुळबुळीत गाळ बोटाला लागला.

यूव्ही नको, पुढच्या पाइपात त्याचा काही असर उरत नाही, शिवाय वीज जाते-येते.

तो तुकडा टीपासून (तीन तोंडांच्या जोडापासून) कापून बाकी लाइनमध्ये 50 पीपीएमचं पाणी रात्रभर भरून ठेवलं तर भागेल, की सहाव्या नळापर्यंतचा जीआय पाइप काढून सीपीव्हीसीच (प्लॅस्टिकचा पाइप) टाकावा लागेल?