हेसचा नियम: मिथेनची निर्मिती एन्थाल्पी धन का येतेय?

प्रश्न (ग्राफाईट_१२)
ग्राफाईट + २ हायड्रोजन → मिथेन, याची डेल्टा एच (अभिक्रियेतल्या उष्णतेचा, म्हणजे एन्थाल्पीचा बदल; ऋण म्हणजे उष्णता बाहेर पडते) काढायची आहे. मूलद्रव्यांपासून एक मोल मिथेन बनतो म्हणून हीच त्याची निर्मिती एन्थाल्पी. हेसचा नियम सांगतो की अभिक्रिया कोणत्याही वाटेने झाली तरी एकूण डेल्टा एच तीच, म्हणून ज्वलनांची बेरीज करतोय. ज्वलनाची मूल्यं अशी घेतली (किलोज्यूल प्रति मोल, २५ अंश सेल्सिअस):

१) ग्राफाईट + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड: −३९३.५
२) हायड्रोजन + ½ ऑक्सिजन → पाणी: −२४१.८
३) मिथेन + २ ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + २ पाणी: −८९०.३

दुसरं दुप्पट केलं, तिसरं उलटवलं, बेरीज केली: −३९३.५ − ४८३.६ + ८९०.३ = +१३.२. पुस्तकात उत्तर −७४.८ आहे. चिन्हं तीनदा तपासली. चुकतंय कुठे?

उष्मामापी
गणित बरोबर आहे, पाणी चुकलंय. −२४१.८ हे वाफेचं मूल्य, तर −८९०.३ मध्ये पाणी द्रव धरलेलं असतं. प्रत्येक पदार्थापुढे त्याची अवस्था लिहून बेरीज करा, म्हणजे दिसेल: डावीकडे २ मोल द्रव पाणी उरतं, उजवीकडे २ मोल वाफ. ती एकमेकांना कापत नाहीत. म्हणजे +१३.२ हे उत्तर खरं आहे, पण वेगळ्याच अभिक्रियेचं. तिच्यात दोन मोल पाण्याची वाफ करायचे २ × ४४ = ८८ किलोज्यूल शिरलेत. १३.२ − ८८ = −७४.८.

द्रव पाण्याचं −२८५.८ घ्या. किंवा वाफच ठेवायची असेल तर मिथेनचंही वाफेचं मूल्य घ्या, −८०२.३. दोन्ही वाटांनी −७४.८ च येतं. करून बघाच, नियम तिथे खरा कळतो.

मोल_मोजणी
उत्तरावरूनही चूक ओळखता येते. द्रव पाणी घेऊन दुप्पट करायला विसरलात तर +२११.०, तिसरं समीकरण उलटवलं पण चिन्ह तसंच ठेवलं तर −१८५५.४. ग्राफाईटऐवजी हिऱ्याचं −३९५.४ घेतलं तर −७६.७, आणि ही चूक सगळ्यात फसवी, कारण उत्तर पटण्यासारखं दिसतं.

जुळणी करताना ऑक्सिजनकडे आधी बघू नका, तो तिन्ही समीकरणांत आहे. जो पदार्थ एकाच समीकरणात येतो (इथे ग्राफाईट, हायड्रोजन, मिथेन) त्यावरून गुणक आणि दिशा ठरवा. ऑक्सिजन शेवटी आपोआप कटला पाहिजे. नाही कटला तर आकडे बेरजेला घेऊच नका.

ग्राफाईट_१२
जुळलं, आभार! पण मग थेट कार्बन आणि हायड्रोजनचीच अभिक्रिया करून उष्णता का मोजत नाहीत?

उष्मामापी
साध्या तापमानाला त्यांची अभिक्रिया होतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि तापवलं तर मिथेनसोबत इतर हायड्रोकार्बनही तयार होऊ शकतात. मग मोजलेली उष्णता नेमकी कशाची? ज्वलन मात्र भरपूर ऑक्सिजनात झटपट आणि पूर्ण होतं. हेसने १८४० मध्ये मांडलेला नियम म्हणूनच इथे उपयोगी पडतो. एक जपा: मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा निघतोय. ८९०.३ मध्ये अर्धा टक्का चूक म्हणजे साधारण ४.५ किलोज्यूल, आणि ७४.८ च्या मानाने ती ६ टक्के होते.