ओक्लाहोमा सिटीच्या विजेतेपदातून हरण्याचा धडा घेऊ नका

सकाळचा_टिपऑफ

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने फायनल्सच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला हरवून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचं विजेतेपद घेतलं. तेव्हापासून एनबीए बघणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाकडून एकच गोष्ट ऐकतोय: दोन वर्षं मुद्दाम हरले, ड्राफ्टचे पिक साठवले, म्हणून जिंकले. (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, पिक म्हणजे त्यातली निवडीची पाळी; तळाच्या संघांना वरची पाळी मिळायची शक्यता जास्त.) मला हे साफ चुकीचं वाटतं. बाकीचे संघही हाच धडा घेऊन हरायला बसलेत, म्हणून जास्त टोचतं.

या संघाचा पाया जुलै २०१९ च्या एका ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, आहे. स्टार खेळाडू कवाय लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण त्याला सोबत थंडरचा पॉल जॉर्ज हवा होता. थंडरच्या सॅम प्रेस्टीने (जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारा प्रमुख) समोरच्याची ही निकड ओळखली आणि पुरेपूर किंमत लावली. पहिल्या फेरीचे पाच पिक (त्यातले दोन मूळचे मायामीचे), दोन वर्षं पिक अदलाबदलीचा हक्क, डॅनिलो गॅलिनारी आणि शे गिल्जस-अलेक्झांडर. शे तेव्हा एकच हंगाम खेळलेला, ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेलेला पोरगा होता. त्याच ट्रेडमधून मिळालेल्या २०२२ च्या पिकवर, बाराव्या क्रमांकाला, सांता क्लाराचा जेलन विल्यम्स आला. म्हणजे २०२५ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) शे आणि फायनल्सच्या पाचव्या सामन्यात ४० गुण करणारा त्याचा जोडीदार, दोघंही क्लिपर्सच्या घाईतून मिळाले.

लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. ॲरन विगिन्स ५५ वा होता. आयझेया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं. हार्टनस्टाइनला २०२४ मध्ये थेट करार करून, पैसे मोजून आणलं. यांच्यापैकी एकासाठीही सामने हरावे लागले नाहीत.

खरोखर हरून पाहिलं ते फिलाडेल्फियाने. २०१५-१६ मध्ये १० विजय आणि ७२ पराभव. २०१४ ते २०१७ या चार ड्राफ्टमध्ये एम्बीड, ओकाफोर, सिमन्स आणि फुल्ट्झ, चौघेही पहिल्या तिनातले. त्यातून कॉन्फरन्स फायनलसुद्धा, म्हणजे उपांत्य फेरीसुद्धा, हाती लागली नाही. आणि एम्बीड तिसरा आला त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने ४१ व्या क्रमांकावर पुढे एमव्हीपी झालेला निकोला योकिच घेतला. फरक क्रमांकाचा नाही, पारख करणाऱ्यांचा आहे.

रीबाउंड_नागपूर

पूर्ण असहमत. तुम्ही सोयीची नावं घेतलीत आणि चेट होल्मग्रेनला गाळलंत. तो २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिळाला, कारण त्याआधीच्या हंगामात थंडरने फक्त २४ सामने जिंकले होते. फायनल्सच्या सातव्या सामन्यात पाच ब्लॉक (अडवलेले फटके) कोणी केले? त्याच होल्मग्रेनने.

ॲलेक्स करूसोचंही तेच. तो शिकागोकडून जॉश गिडीच्या बदल्यात आला आणि गिडी सहाव्या क्रमांकाचा पिक होता, २२ विजयांच्या हंगामातून मिळालेला. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात आपल्यापेक्षा कितीतरी उंच योकिचला करूसोने कसं अडवलं ते आठवा. हरले नसते तर गिडी नाही, आणि गिडी नाही तर करूसोही नाही.

आणि हे हरणं आपोआप झालं असं कृपया म्हणू नका. मार्च २०२१ मध्ये अल हॉरफर्ड धडधाकट असताना त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर बसवलं, तेही जाहीर करून. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरले. एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने कुणीच हरलेलं नाही.

ओक्लाहोमा सिटीला लॉस एंजेलिससारखा समुद्र नाही, मायामीसारखी हवा नाही. मोठा खेळाडू तिथे स्वतःहून करार करायला येत नाही. अशा शहराने वरचा पिक मिळवायचा नाही तर करायचं काय?

सकाळचा_टिपऑफ

होल्मग्रेन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण क्रम बघा. पायाच्या दुखापतीमुळे तो २०२२-२३ चा अख्खा हंगाम खेळलाच नाही. त्याच हंगामात थंडर २४ विजयांवरून ४० वर गेले. ती उडी शे आणि जेलन विल्यम्सची होती. होल्मग्रेनने चांगल्या संघाला फार चांगलं केलं.

हरून वरचा पिक नक्की मिळतो, हा हिशेबही आता उरलेला नाही. पहिले पिक लॉटरीने, म्हणजे सोडतीने, ठरतात आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची शक्यता १४-१४ टक्के असते. पूर्वी सर्वात खालच्या संघाला २५ टक्के होती. डेट्रॉइट सलग दोन वर्षं, २०२३ आणि २०२४ मध्ये, सर्वात तळाला होते आणि दोन्ही वेळा पाचवा पिक मिळाला. २०२३-२४ मध्ये त्यांनी सलग २८ सामने गमावले. त्या हिवाळ्यात तिकीट काढून आलेल्या माणसाने काय पाहिलं?

अनुजा_प

तुमच्या दोघांच्या भांडणात पैशाची बाजू राहून जातेय. पिकचं मोल आज वाढलंय ते पगाराच्या नियमांमुळे. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या करारानंतर सेकंड ॲप्रनची, म्हणजे एकूण पगारखर्चाची वरची, रेषा ओलांडणाऱ्या संघाचे हातपाय बांधले जातात, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडूही आणता येत नाही. बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद जिंकलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात पगाराचा बोजा उतरवायला जरू हॉलिडे आणि पोर्झिंगिसला घालवलं.

उलट फीनिक्स बघा. २०२३ मध्ये केव्हिन ड्युरँटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक दिले, मग ब्रॅडली बीलला आणलं. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-० ने गेले, २०२५ मध्ये ३६ विजय आणि प्लेऑफसुद्धा (बाद फेरी) नाही. संघात भर घालायला ड्राफ्टमधून आलेला, स्वस्त करारावरचा एकही चांगला पोरगा तयार नव्हता. म्हणून पिक हवेतच. ते हरून मिळवायचे की ट्रेडमधून, यात मी टिपऑफ यांच्या बाजूने आहे, कारण दुसऱ्याचा पिक हातात असला की स्वतः जिंकायची मोकळीक राहते.

डॅलसकर

मी डॅलस मॅव्हरिक्सच्या गावात राहते, म्हणून लिहिते. २०१७-१८ मध्ये इथे २४ विजय झाले. हरण्यातच आपला फायदा आहे असं खेळाडूंना सांगितल्याचं उघडपणे बोलल्याबद्दल मालक मार्क क्यूबनला सहा लाख डॉलरचा दंड झाला. त्या उन्हाळ्यात लुका डॉन्चिच आला आणि २०२४ मध्ये त्याने आम्हाला फायनल्सपर्यंत नेलं. म्हणजे हरणं फळलं, हे मला मान्य करावंच लागतं.

पण फेब्रुवारी २०२५ मध्ये २५ वर्षांच्या लुकाला लेकर्सकडे पाठवलं आणि बदल्यात आलं काय? अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचा एकच पिक! पॉल जॉर्जसाठी पाच मिळाले होते. प्रेस्टीने पुढच्याची गरज हेरली, आमच्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनने बाजारात विचारणासुद्धा केली नाही. मग मे महिन्यात १.८ टक्के शक्यतेवर पहिला पिक लागला, कूपर फ्लॅग आला, आणि लोक म्हणाले सगळं भरून निघालं. अजिबात नाही. लॉटरीने त्या ट्रेडचं समर्थन होत नाही. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनला जावं लागलं ते योग्यच झालं.

रीबाउंड_नागपूर

डॅलसकर, ट्रेडबद्दल शंभर टक्के सहमत. टिपऑफ, तुम्हाला थेट प्रश्न. तुम्ही २०२५ मध्ये यूटाचे जनरल मॅनेजर असता, १७ विजयांचा संघ, तर काय केलं असतं?

सकाळचा_टिपऑफ

त्यांच्या स्टार खेळाडूला, मार्कनेनला, खेळवलं असतं, सर्वात आधी. त्याला बसवल्याबद्दल एनबीएने यूटाला एक लाख डॉलरचा दंड केला आणि एवढं करूनही ड्राफ्टमध्ये पिक पाचवाच मिळाला. मग इंडियानाचा मार्ग घेतला असता. त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑल-स्टार सबोनिस देऊन सॅक्रामेंटोकडून दुसऱ्याच हंगामात खेळणारा टायरीझ हॅलिबर्टन घेतला. पुढे सियाकमसाठी पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले आणि फायनल्सचा सातवा सामना गाठला.

रीबाउंड_नागपूर

ज्या हंगामात हॅलिबर्टन आला, त्यात इंडियानाने २५ सामने जिंकले होते. त्याच हंगामामुळे सहाव्या क्रमांकावर बेनेडिक्ट मॅथरिन मिळाला, आणि फायनल्सच्या तिसऱ्या सामन्यात बाकावरून येऊन २७ गुण त्यानेच केले.

सकाळचा_टिपऑफ

हो, पण पुढच्याच हंगामात ते ३५ जिंकले. अजून एक वर्ष तळाला राहिले असते तर २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेलेल्या वेम्बान्यामासाठी लॉटरीत जास्त चिठ्ठ्या मिळाल्या असत्या. त्या त्यांनी नाकारल्या आणि हॅलिबर्टनला जिंकायला शिकवलं. माझं म्हणणं तेवढंच आहे.