'चालू करा' म्हणजे एनेबल की स्टार्ट?

कोरी_ओळ: सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामवरच्या मराठी टिपणात मी 'एनेबल' आणि 'स्टार्ट' दोन्हींना 'चालू करा' लिहिलं आणि तिथेच घोळ झाला. सहकारी सीएचरूटमध्ये, म्हणजे एखाद्या फोल्डरलाच फाइलींचं मूळ (रूट) मानून, दुसऱ्या सिस्टिमची इमेज तयार करत होता. पहिल्या आज्ञेने, एनेबलने, फाइलींत दुवा पडला. दुसरीला, स्टार्टला, उत्तर आलं, 'सीएचरूटमध्ये आहोत, आज्ञेकडे दुर्लक्ष'. आज्ञा संपताना मिळणारा एक्झिट कोड मात्र 0, म्हणजे यशस्वी, त्यामुळे स्क्रिप्ट निमूट पुढे गेली. तो विचारतो, "सेवा चालू झाली की नाही?" माझ्या वाक्यातून उत्तरच निघेना. एनेबलला काय म्हणता?

अनुस्वार: 'सक्षम करा'. सगळीकडे तेच असतं.

जुनी_वही: सक्षम म्हणजे अंगात कुवत असलेला. एनेबल करून सेवेची कुवत वाढत नाही. मशीन बूट होईल तेव्हा हिला उठवायचं, एवढी खूण फाइलींत राहते, म्हणून ते सीएचरूटमध्येही जमतं. स्टार्ट करायला पीआयडी 1 शी, म्हणजे सगळ्यांत आधी उठणाऱ्या सिस्टमडीच्या प्रक्रियेशी, बोलावं लागतं, आणि तो असतो बाहेरच्या सिस्टिमचा. गजर आपण रात्री लावतो, वाजतो सकाळी. तसं 'लावून ठेवा' आणि 'सुरू करा'.

अनुस्वार: बोलायला ठीक, दस्तऐवजात नको. आणि डिसेबलला 'काढून ठेवा' म्हणणार? लोक पॅकेजच काढतील.

टाचण: नेमणूक आणि रुजू! नेमणुकीचा कागद निघाला म्हणून माणूस खुर्चीत बसलेला नसतो. 'सेवा नेमली, रुजू झाली नाही' हे नवख्यालाही कळेल.

अनुस्वार: रुजू अरबी आहे.

जुनी_वही: दस्तऐवज तरी कुठला, फारसीच. हिशेब ताडून पाहण्याची 'रुजवात' याच रुजूची. इतका मुरलेला शब्द परका कसा?

कोरी_ओळ: मला 'दुर्लक्ष'ही खटकतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात पॅकेज बसवताना सेवा सुरू होऊ नये म्हणून पॉलिसी-आरसी.डी ही स्क्रिप्ट 101 परत करते. ती सरळ मनाई. इथे मात्र काम न करता 0, म्हणजे 'झालं'. त्याला दुर्लक्ष म्हणणं फार सौम्य आहे.

टाचण: त्याआधी सीएचरूटलाच नाव द्या. 1979 च्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे तो. 'मूळपालट' कसा वाटतो? हवापालट आहेच की.

अनुस्वार: मूळपालट म्हटलं की रोप दुसऱ्या कुंडीत लावल्यासारखं वाटतं.

जुनी_वही: उलट आहे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोच राहतो, फाइलींचं झाड बदलतं. माती तीच, रोप दुसरं.

टाचण: मग 'रोपपालट' म्हणू?

अनुस्वार: रूट म्हणजे मूळ. रोप कुठून आलं?