धागा: गल्लीत राडा झाला, क्लिप फिरली. मुलांसाठी नेमकं काय करायचं?

धागाकर्ती, गंगापूर रोड
टोळक्यांची हाणामारी, कोयते नाचवणं, रात्री उभ्या गाड्या जाळणं हे नाशिकच्या मुलांच्या कानावर, डोळ्यांवर येतंच आहे. घटना दहा मिनिटांत संपते, पण तिची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरते. मुलांसोबत काम करणाऱ्यांनी लिहावं: कोणत्या वयात काय दिसतं, आधी काय करायचं, कुठे चुकतं. "आमच्या वेळी असं नव्हतं" नको, घरात आणि वर्गात करता येईल असं हवं.

बालवाडी शिक्षिका, सातपूर
तीन ते सहा वयाची मुलं सांगत नाहीत, खेळून दाखवतात. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं असतं ते पुन्हा सुरू होतं, अंगठा तोंडात जातो, आई बाथरूममध्ये गेली तरी मूल दाराशी रडत बसतं. खेळाकडे नीट बघा. मारामारीचा खेळ खेळणं वाईट नाही. पुढे त्यात रुग्णवाहिका येते, डॉक्टर येतो, कुणी वाचतं, आणि मूल मोकळं होतं. काळजी तेव्हा, जेव्हा तोच प्रसंग त्याच क्रमाने, त्याच शेवटापर्यंत रोज चालतो आणि खेळ संपल्यावर मूल जास्तच चिडचिडं दिसतं. असा खेळ थांबवू नका. खाली जमिनीवर बसा आणि एकच नवी गोष्ट आत सोडा: "याला लागलंय ना, दवाखान्यात कोण नेणार?" हातात जुन्या ओढणीची पट्टी द्या. बहुतेक मुलं ती घेतात आणि खेळ पुढे सरकतो. महिनाभर तरीही काहीच हललं नाही तर समुपदेशकाकडे न्या.

आणि पाहुण्यांसमोर "सांग ना काकांना, काय पाहिलंस" हे कृपा करून बंद करा.

शाळा समुपदेशक, सिडको
धोका जवळ आहे असं शरीराने एकदा ठरवलं की मेंदू कान टवकारून बसतो. फळ्यावरचं लक्ष दाराकडे, बाहेरच्या बुलेट गाडीच्या आवाजाकडे जातं. वर्गात याला "चंचल", "आगाऊ" अशी नावं पडतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी २०१० मध्ये शिकागोतल्या मुलांचा अभ्यास मांडला. वस्तीत खून झाल्यावर आठवडाभराच्या आत ज्या कृष्णवर्णीय मुलांची चाचणी झाली, त्यांचे शब्दसंग्रह आणि वाचनाचे गुण कमी आले. मुलाने स्वतः काही पाहिलं होतं की नाही, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. म्हणून घटनेनंतरच्या आठवड्यातल्या चाचणीवरून मुलाची हुशारी ठरवू नका.

वर्गात करायचं ते साधं आहे. बाक असा द्या की पाठीमागे भिंत आणि समोर दार दिसेल. सूचना एकावेळी एकच. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, आधी नाव घ्यायचं. वही पडली किंवा घंटा झाली तरी दचकणारं मूल चटकन लक्षात येतं. "रोजचंच आहे हो, त्यात काय" म्हणणारं मूल नजरेतून सुटतं, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. सतत हिंसा पाहणाऱ्या काही मुलांची भीती बोथट होते, हात मात्र लवकर उठायला लागतो.

वाचक, इंदिरानगर
प्रत्यक्ष पाहिलं नाही, फक्त क्लिप पाहिली, तरीही एवढा परिणाम?

शाळा समुपदेशक, सिडको
सारखा नाही, पण होतो. लहान मुलाला "हे कालचंच आहे" हे कळत नाही. क्लिप पाच वेळा वाजली की त्याच्या दृष्टीने पाच वेळा कुणीतरी मारलं गेलं. जागा ओळखीची असेल, रोजचा चौक किंवा दूधवाल्याचं दुकान, तर जास्तच.

मोबाइल दुरुस्तीवाला, नाशिकरोड
व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज आणि डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड. मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग तिन्हीकडची खूण काढा. मग सेटिंग्जमधल्या चॅट्समध्ये जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद, म्हणजे अँड्रॉइडवर क्लिप गॅलरीत दिसत नाही. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद. इन्स्टाग्रामवर भाईगिरीचं रील आलं तर नुसतं पुढे सरकवून भागत नाही, कारण थांबून बघितलेले क्षणही आवड म्हणून मोजले जातात. रील दाबून धरा आणि "नॉट इंटरेस्टेड" निवडा. ओटीटीवर यू/ए १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांचं कुलूप लावता येतं, पिन मात्र मुलाची जन्मतारीख ठेवू नका.

हे सगळं आईबाबांच्या फोनवर होतं आणि आजोबांचा फोन राहून जातो. मूल जेवताना तोच मागतं. शिवाय हॉलमध्ये दिवसभर चालणारं बातम्यांचं चॅनल कुणी स्क्रीन टाइममध्ये धरतच नाही.

माध्यमिक शिक्षक, पंचवटी
आठवी-नववीच्या मुलांबद्दल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग अनेकांना माहीत असतो: मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलं, मुलांनीही बडवलं. मला त्यांचाच १९६५ चा प्रयोग जास्त उपयोगाचा वाटतो. मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, तर मुलांनी नक्कल कमी केली. पण "जसं पाहिलंस तसं कर, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिक्षा बघून करणं थांबलं होतं, शिकणं नव्हे.

"नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असं पोलिसांनी म्हणायला लावलेल्या आरोपींचे व्हिडिओ मुलांनी पाठ केलेत. त्यावर वर्गात हसू उठलं की तिथेच विचारा: "यात काय दाखवलेलं नाही?" जखमी माणूस किती दिवस कामावर गेला नाही? त्याच्या घरी त्या रात्री कोण जागं होतं? मुलं उत्तरं देतात, फळ्यावर लिहून घ्या. "तुझं आयुष्य संपेल" अशी धमकी देऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा रोख मुलाच्या पुनर्वसनावर आहे आणि मुलांना खोटं लगेच कळतं. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्ह्यात सापडलेल्या, बळी ठरलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. मुलाचा चेहरा दिसणारी क्लिप ग्रुपवर आली तर ॲडमिनने तिथल्या तिथे काढावी.

बालरोगतज्ज्ञ, कॉलेज रोड
शाळेच्या सकाळी दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट आधी तपासा, मग गावात काय घडलं ते विचारा. पहिले काही आठवडे झोप उडणं, चिकटून राहणं अपेक्षित आहे. झोपेचं औषध स्वतःहून देऊ नका. जेवण, अंघोळ, झोप ठरल्या वेळी ठेवा, तेवढ्याने बरीच मुलं सावरतात. महिना उलटूनही कमी होत नसेल, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल (मग एक दिवसही थांबू नका), तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. घरातच मारहाण होत असेल तर चाइल्डलाइन १०९८. स्क्रीनसाठी भारतीय बालरोग अकादमीची २०२१ ची मर्यादा: दोन वर्षांखाली अजिबात नाही, अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

बालवाडी शिक्षिका, सातपूर
एक राहिलं. घटना झालेला रस्ता कायमचा टाळू नका, भीती तिथेच मुरते. पहिले काही दिवस हात धरून त्याच रस्त्याने चला आणि पोटात गोळा कुठे येतो ते मुलाला दाखवू द्या. तिथे थांबून खरं तेवढंच सांगा: "इथे भांडण झालं, एकाला लागलं, पोलीस आले. आज मी सोबत आहे, सुटल्यावर आजी याच गेटवर असेल." आणि आजीने शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधीच गेटवर पोचायचं.