मामाजींना वाघ दाखवायला नागपूरला कसं न्यावं? आणि न्यावं का?

बांधीवरची (नागभीड तालुका):
आमचं गाव घोडाझरीच्या जंगलाला लागून आहे. दोन वर्षांमागं मोहफुलं वेचताना माझ्या सासऱ्यांवर, मामाजींवर, वाघ धावला. सोबतच्या बायांनी टोपल्या बडवून आरडाओरडा केला म्हणून ते वाचले. उजवा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही. पुढं वनविभागाच्या लोकांनी वाघाला बेशुद्ध करून पिंजऱ्यात नेलं. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात, तिथल्या बचाव केंद्रात नेला, असं आम्हाला कळलं.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. "तो वाघ आता काय खातो, कुठं झोपतो," हे त्याचं रोजचं विचारणं. आता मामाजीही म्हणतात, "मलेही ने. त्या दिवशी नीट पाह्यलाच नाही."

घरी गाडी नाही. नागभीड-नागपूर छोटी रेल्वे 2019 पासून बंद आहे, म्हणजे एसटीच. एका दिवसात जाऊन येणं होईल का? वय 67, हात अधू, फार चालवत नाही.

दुसरी गोष्ट मनात सलते आहे. वाघ पकडला त्या दिवशी मी नारळ फोडला होता. आता तिकीट काढून त्याला बघायला जायचं, हे बरोबर आहे का? ताडोबाची जिप्सी आम्हाला परवडत नाही. आमच्याकडं वाघ दिसतो तेव्हा जीव मुठीत असतो. पोरानं त्याला एकदा न घाबरता पाहावं एवढंच वाटतं.

जुना वाहक:
ताई, होते. सकाळची पहिली गाडी धरा. भिवापूर, उमरेड करत अडीच-तीन तासांत गणेशपेठ स्टँड. तुम्हाला महिलांचं अर्धं तिकीट, पोराचं अर्धं, मामाजी 65 च्या वर म्हणून त्यांचंही अर्धंच. त्यांचं आधार कार्ड खिशात ठेवा.

नागपुरात वाघ बघायच्या दोन जागा आहेत, त्यांची गल्लत करू नका. महाराजबाग शहरात आहे, बर्डीवरून (सीताबर्डी) चालत दहा-पंधरा मिनिटं. गोरेवाडा काटोल रोडवर, शहराच्या टोकाला. गणेशपेठवरून काटोलची गाडी घ्या, पण चढण्याआधी वाहकाला विचारा, झूच्या गेटजवळ थांबवता का. बर्डीवरून ऑटो केला तर आधी भाव ठरवा. आत पायी फिरायचं काम नाही, त्यांच्याच सफारीच्या बसमध्ये बसवतात, म्हणून मामाजींना तेच बरं. सोमवारी दोन्ही बंद. आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या खिडकीवर विचारून घ्याजी, सगळे तिथंच फसतात.

काटोल नाका:
मी त्याच रस्त्यावर राहतो आणि माझं मत वेगळं आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत महाराजबागेत वाघ पाहिला होता. 1894 पासूनची बाग ती, पिंजरे जुन्या चालीचे. तो वाघ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होता, आणि वळायची जागा दरवेळी तीच. आम्ही चाळीस पोरं ओरडत होतो, त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असं ठरवलं, कारण त्याला हिंडायला जागा लागते. मग रोज कोसन् कोस फिरणाऱ्या वाघाला ती लागत नाही? 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं गेले. चंद्रपूरकडूनच आणलेले वाघ होते ते. पोराला हेही सांगा.

रानवाट (ब्रह्मपुरी):
काटोल नाका भाऊ, येरझाऱ्यांचं पटलं. पण माणसांवर धावलेल्या वाघाला परत कुठं सोडायचं? ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत आणि मधोमध धानाच्या बांध्या. दुसरीकडं सोडला तर तिथल्या वाघाशी भांडण, नाहीतर तिथल्या गावात शिरणं. गोळी घालण्यापेक्षा कोंडणं बरं, एवढंच मी म्हणेन. नुसतं दाखवायला म्हणून पिल्लं वाढवायची, त्याला माझाही विरोध आहे.

ताई, एक आधीच सांगतो, म्हणजे मामाजींचा हिरमोड व्हायचा नाही. बचाव केंद्र लोकांसाठी उघडं नसतं. सफारीत दिसेल तो वाघ तुमचाच असेल असं नाही. पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे.

बांधीवरची:
जाऊन आलो, गुरुवारी. वाहक दादा, तुमचे उपकार. काटोलच्या गाडीनं गेटजवळ उतरवलं, येताना मात्र ऑटो करावा लागला. उमरेडच्या पुढं अंधार पडला.

आधी हरणं आणि नीलगाय दिसली. मामाजी म्हणाले, नीलगाय पाहायला नागपूर कायले, धुऱ्यावर रोज येते. अस्वल पाठमोरं दिसलं. मग वाघ. झाडाखाली पडलेला, पोट वरखाली होत होतं. बसमधले सगळे फोन काढून एका बाजूला झुकले. माझा मुलगा एकदम गप्प झाला आणि त्यानं आजोबाचा उजवा हात धरला, तोच.

मामाजी खिडकीला टेकून बघत राहिले. बस हलली तशी म्हणाले, "हा नोहे तो. त्याच्या डाव्या डोळ्यावरचा पट्टा तुटका होता." म्हणजे त्या दिवशी त्यांनी नीट पाहिलं होतं. दोन वर्षांत हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

काटोल नाका दादा, तुमचं म्हणणं मी पोराला वाचून दाखवलं. बर्ड फ्लूचं ऐकून तो रडला. त्यात आपला होता का, हे त्याला कळायला हवं आहे. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कुणाला माहीत असेल तर लिहा.