मदत हवी आहे: दिवाळीनंतर कुत्री क्लिकरच्या आवाजाला घाबरते

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी, गावठी, दीड वर्षाची. क्लिकरवर (दाबली की 'टक्' वाजणारी छोटी डबी) फार छान शिकत होती. पहिला आठवडा नुसतं 'टक्' आणि लगेच उकडलेल्या चिकनचा मटाराएवढा तुकडा. मग 'बस', मग तळहाताला नाक लावणं. बेल वाजली की आपल्या गोधडीवर जाऊन बसायचं, हे शिकवायला महिना गेला, पण पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणं जवळजवळ थांबलं होतं.

दिवाळीत शेजारच्या इमारतीत फटाक्यांच्या माळा लागल्या आणि सगळं बिघडलं. आता 'टक्' झालं की कान मागे, शेपूट पायांत आणि थेट दिवाणाखाली. चिकन दाखवलं तरी येत नाही. परवा क्लिकरचा ड्रॉवर नुसता उघडला, तेवढ्यानेच पळाली. सासूबाई म्हणतात, जरा दटाव, ऐकेल. मला ते करायचं नाही. आधीच घाबरलेल्या जीवाला आणखी काय घाबरवायचं?

क्लिकर सोडून द्यावा का? आणि शिकलेलं सगळं ती विसरेल का हो?

प्रतिसाद:

ताई, दटावत नाही आहात हे फार बरं करताय. क्लिकर आता कपाटात टाका, तिच्या नजरेलाही पडू देऊ नका. तो फक्त एक खूण आहे: 'हे बरोबर केलंस, खाऊ येतोय.' प्राणी-प्रशिक्षक कॅरेन प्रायर यांनी १९६० च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीवर शिकवलं. बहिऱ्या कुत्र्यांना अंगठा दाखवूनही शिकवतात.

तुम्ही एखादा छोटा शब्द घ्या. 'शाब्बास' नको, तो आपण दिवसभर म्हणत असतो. आमच्याकडे 'टिप' आहे. शब्द आधी, हात खिशाकडे नंतर, हा क्रम मोडू नका. हात आधी हलला तर ती हाताकडेच बघते, शब्द वाया जातो. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, दहा-बारा तुकडे. दिवाणाखालून ओढून काढू नका, स्वतःहून बाहेर आली की मगच सुरू करा.

'बस' ती विसरणार नाही, आज्ञेचा शब्द वेगळा आणि खूण वेगळी. कुकरच्या शिट्टीलाही दचकते का?

धागाकर्ती:

हो, दचकते. दिवाळीआधी असं नव्हतं.

प्रतिसाद:

मग भीती क्लिकरपुरती राहिलेली नाही. व्हेटना आधी दाखवा, शिकवणी आठवडाभर थांबली तरी चालेल.