आईचे गुडघे: हळदीच्या कॅप्सूल, डिंकाचे लाडू की पीआरपी? अनुभव हवेत

रानजाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आई 63 वर्षांची, उंची पाच फूट एक, वजन 78. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले ग्रेड 3 झीज आहे, ऑपरेशनची आत्ताच घाई नाही, वजन कमी करा, व्यायाम करा. आता हे ऐकून आई नाराज, तिच्या मते एवढे पैसे घेतले आणि औषधच दिलं नाही.

मग सुरू झालं घरगुती. मावशीने डिंकाचे लाडू पाठवले, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक. रात्री हळदीचं दूध. शेजारच्या काकूंनी ऑनलाइन मागवलेल्या हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या, बाटलीवर 95 टक्के कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) आणि काळी मिरी अर्क असं लिहिलंय, त्या अजून उघडल्या नाहीयेत. आणि भावाच्या ओळखीतून एका क्लिनिकला गेलो तर ते म्हणाले पीआरपी (रक्तातल्या प्लेटलेट्सचं गुडघ्यात इंजेक्शन) करून टाका, स्वतःचंच रक्त असतं, साइड इफेक्ट शून्य, तीन इंजेक्शनचं पॅकेज 45 हजार, या महिन्यात बुक केलं तर 39. साडीच्या सेलसारखं वाटलं मला ते, पण भाऊ म्हणतो करून बघू.

कोणी कॅप्सूल घेतल्यात का? पीआरपी केलंय का? खरंच फरक पडतो? बीपीची गोळी चालू आहे, आणि हो, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय त्यामुळे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही आहेत. शुगर नाही.

आज्जीचा_बटवा:
ताई इंजेक्शनच्या नादी लागू नका. आमच्या घरात तीन पिढ्या डिंक, मेथी, अळीव, खारीक यावरच चालल्यात. माझी आजी 84 वर्षांपर्यंत विहिरीचं पाणी ओढत होती. हळद तर सोनं आहे, अमेरिकेने उगाच पेटंट घेतलं होतं का तिचं? काहीतरी असेल म्हणूनच ना. कॅप्सूल बिनधास्त चालू करा, नैसर्गिक आहे, अपाय होतच नाही. सोबत निर्गुडीच्या तेलाने मालिश.

कृष्णाकाठ:
बटवा, ते पेटंट 1995 चं, आणि ते जखमेवर हळद लावण्याबद्दल होतं, गुडघ्याचा काही संबंध नाही. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा माशेलकर सर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ पुरावा म्हणून देऊन 1997 ला ते रद्द करायला लावलं. म्हणजे मुद्दाच हा होता की यात नवीन काही नाही, आमच्या आज्यांना माहीतच होतं.

मी सांगलीकडची, घरात हळदीचं पीक, त्यामुळे थोडं जास्त बोलते, कंटाळलात तर पुढे जा. अक्षय तृतीयेच्या आसपास लागण, जवळजवळ नऊ महिने रानात, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. लहानपणी मोठ्या काहिलीत शिजायची, अख्ख्या शिवारात वास, आता वाफेचे कुकर आलेत. हरिपूरला जमिनीखाली पेवं होती, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही काही नाही, 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. सांगायचा मुद्दा हा की एवढी सगळी हळद असून आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे गुडघे दुखतात 😄 माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर हळदीत हात पिवळे केले, दोन्ही गुडघे बदललेत.

हिशोब बघा ना. हळकुंडात कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के. दुधात एक चमचा घातली, म्हणजे 3 ग्रॅम धरा, तर मिळालं 90 मिलिग्रॅमच्या आसपास. कॅप्सूलमध्ये एकातच 500 च्या घरात असतं. तेवढं दुधातून घ्यायचं तर पाच-सहा चमचे हळद, पिऊन दाखवा. म्हणून दूध हे दूध आहे, आणि कॅप्सूल हे वेगळंच काहीतरी आहे, दोन्हीला एकाच मापाने "घरगुती" म्हणू नका एवढंच.

आणि सुटी पावडर घेत असाल तर फार पिवळीधमक बघून भुलू नका, रंगासाठी लेड क्रोमेट घालतात, म्हणजे शिसं. हळकुंडं आणा, डंकावर कुटून घ्या.

जर्सीकर:
रानजाई, कॅप्सूलची ती बाटली उघडू नका असं माझं स्पष्ट मत. आमच्या साडूंची गोष्ट सांगतो. इथे न्यू जर्सीत असतात, 58 वय, गोळ्यांचा तिटकारा, पण सप्लिमेंट म्हटलं की सगळं चालतं. हळद अधिक मिरी अर्कवाली कॅप्सूल तीन महिने घेतली. एक दिवस डोळे पिवळे, आम्ही चेष्टा केली की हळद चढली, मग ब्लड टेस्ट आली आणि चेष्टा संपली. लिव्हर एन्झाइम आभाळाला. कॅप्सूल बंद केल्यावर दोन-अडीच महिन्यांत उतरलं सगळं.

मग मी वाचत बसलो. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या त्रासाची नोंद ठेवणारं एक मोठं नेटवर्क आहे, त्यांनी 2022 मध्ये हळदीमुळे झालेल्या 10 केसेस छापल्या, पाच जणांना ॲडमिट व्हावं लागलं, एक गेला. त्यातल्या बहुतेकांमध्ये एक ठराविक जीन सापडला, म्हणजे सगळ्यांना होतं असं नाही, पण तुमच्या आईकडे तो जीन आहे की नाही हे कोणाला माहीत? इटलीत पण हळदीच्या सप्लिमेंटवर इशारा छापायला लावलाय. कोणी म्हणेल लाखो लोक घेतात, दहा म्हणजे काय. बरोबर आहे. पण साडू दहातला नव्हता तरी पिवळा झालाच.

मिरीचं पण सांगतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजने 1998 मध्ये दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन (मिरीतला तिखट घटक) दिलं तर रक्तात कर्क्युमिन वीस पट जास्त जातं. सगळ्या बाटल्यांवर जो "20X" मिरवतात तो तिथला. आता विचार करा, मिरी हे कसं करते, तर शरीर ज्या यंत्रणेने अशा गोष्टी मोडून बाहेर टाकतं तिलाच ती जरा अडवते. मग त्याच यंत्रणेतून जाणाऱ्या बाकीच्या गोळ्यांचं काय?

चालतेबोलते:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. सगळ्यांचं वाचलं, पण रानजाईंनी शेवटच्या ओळीत जे सहज लिहिलंय तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बटवा काकांनी ते वाचलेलंच दिसत नाही. स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आहेत. कर्क्युमिन जास्त डोसमध्ये स्वतः थोडं रक्त पातळ करू शकतं, वर मिरी अर्क. कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय ही कॅप्सूल अजिबात नाही. भाजी-आमटीतली हळद, दुधातली चिमूट, ते चालू दे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. आणि उलटी चूकही करू नका, इंजेक्शनच्या आधी "रक्त पातळची गोळी पाच दिवस बंद करा" असं क्लिनिकमधला कोणी म्हणाला तर स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, स्टेंटवाल्यांनी तर नाहीच. मेडिकलमधून आणून खायच्या पेनकिलरचंही तेच, विचारल्याशिवाय नको.

हळदीत काहीच नाही असं नाही म्हणत मी. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात टास्मानियात 70 जणांवर अभ्यास झाला, 12 आठवडे हळदीचा अर्क, दुखणं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, जास्त कमी झालं. पण एमआरआयमध्ये आतल्या सुजेत फरक नव्हता. थायलंडमध्ये 367 जणांवर हळदीचा अर्क आणि आयबुप्रोफेन ही पेनकिलर असं लावून बघितलं, चार आठवड्यांत दोन्ही जवळपास सारखे. म्हणजे ते वेदना कमी करणारं औषध आहे, मग औषधासारखं वागवा. झीज भरून निघते असं कोणी दाखवलेलं नाही.

दुसरं, ते "वंगण संपलं" डोक्यातून काढा. पेशंट येऊन सांगतात मॅडम ग्रीस संपलंय, डिंक खाल्ला की ग्रीस येतं. गुडघा म्हणजे बिजागरी नाही हो. डिंक चिकट असतो म्हणून तो सांध्यात जाऊन बसत नाही, तो पोटात जातो. लाडवात तूप, गूळ, खोबरं, खारीक, दोन मध्यम लाडू म्हणजे चारशेच्या आसपास कॅलरी. बाळंतिणीला ठीक, शेतात राबणाऱ्या आजीला ठीक (बटवा काका, तुमची आजी विहिरीचं पाणी ओढत होती हेच औषध होतं, डिंक नाही). 78 किलोवर रोज दोन लाडू म्हणजे आपणच गुडघ्यावर दगड ठेवतोय. एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. पाच किलो कमी झाले तर गुणाकार तुम्हीच करा.

व्यायाम सांगते, आजपासून करता येईल असा. पाय सरळ पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. झोपून एक पाय सरळ वर उचलून धरणं. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी उंच खुर्ची घ्या, लागली तर उशी ठेवा. जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसून भाजी निवडणं सध्या बंद, घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर खुर्ची मिळते ती आणा. थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर कमी करा. सहा आठवडे तरी द्या, पेशंट आठवड्यात कंटाळून येतात.

निवृत्त_मास्तर:
पीआरपी मी केलंय म्हणून लिहितो. गेल्या वर्षी, उजवा गुडघा, तीन इंजेक्शनं, दर आठवड्याला एक. दंडातून साधारण 30 मिली रक्त काढतात, मशीनमध्ये गरगर फिरवतात, वरचं पिवळसर पाणी काढून गुडघ्यात टोचतात. साइड इफेक्ट शून्य म्हणाले तुम्हाला? पहिले तीन दिवस मी भिंत धरून बाथरूमला जात होतो. नंतर चार महिने छान गेले, पर्वतीच्या पायऱ्या निम्म्या चढलो. मग हळूहळू परत तेच. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच चार महिन्यांत मी फिजिओलाही जात होतो आणि बायकोने भात अर्धा केला होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हे मला अजून कळलेलं नाही. इंजेक्शनचे पैसे गेले एवढं नक्की माहीत आहे.

नंतर मुलाने शोधून दाखवलं, 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातलाच एक मोठा अभ्यास, 288 लोक, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइन, कोणाला काय दिलं ते त्यांनाही माहीत नाही. वर्षाने दोन्हीकडे दुखणं सारखंच कमी, कूर्चेतही (हाडांमधल्या गादीतही) फरक नाही. दुसऱ्या बाजूचे, फायदा दाखवणारे अभ्यासही आहेत म्हणतात, प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी. पण पॅकेज विकणारा आपल्याला यातलं एक अक्षर सांगत नाही.

आणि सावध राहा, तिसऱ्या इंजेक्शनला मला सांगितलं की आता स्टेम सेल (मूळ पेशींचा उपचार) करा, पोटाची चरबी काढून, दीड लाख. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना वाचा, तिथे रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेल हे उपचार म्हणून नाहीच, सगळं प्रयोग या खात्यात. प्रयोगात भाग घ्यायला पेशंटनेच पैसे भरायचे हे गणित मी चाळीस वर्षं शाळेत शिकवूनही मला सुटलं नाही.

जर्सीकर:
मास्तर 👏 नवीन उपचारांत मला एकच गोष्ट दमदार वाटली ती म्हणजे वजनाची इंजेक्शनं. 2024 मध्ये सेमाग्लुटाइडवर अभ्यास आला, लठ्ठ आणि गुडघेदुखी असलेल्या 407 लोकांवर, 68 आठवडे. वजन सरासरी 13.7 टक्के उतरलं आणि दुखणंही प्लासिबोपेक्षा बरंच जास्त कमी. भारतात 2025 पासून मिळतंय. पण मळमळ होते, स्नायूही थोडे जातात, बंद केलं की वजन परत यायला लागतं. आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं, काकूंनी आणून द्यायचं नाही.

आज्जीचा_बटवा:
सगळे मिळून मलाच धरलंय 😅 स्टेंटचं वाचायचं राहिलं, चुकलं. पण तेलाने मालिशला तरी परवानगी आहे का?

चालतेबोलते:
आहे आहे, मालिश करा, गरम शेक द्या, बरं वाटतं आणि कोणी प्रेमाने पाय चोळून दिले तर अजून बरं वाटतं. फक्त गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर चोळू नका, आधी दाखवा.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री आईला अख्खं वाचून दाखवलं. सासूबाईंचं ऐकून हसली, साडूंचं ऐकून कॅप्सूल स्वतःच काकूंना परत देऊन आली. कार्डिओलॉजिस्टना फोन केला, तेही हेच म्हणाले, कॅप्सूल नको. भावाला मास्तरांची पोस्ट पाठवलीय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. लाडवांवर तह झालाय, आठवड्याला दोन, बाकी डबा मावशीकडे परत पाठवला तर ती रुसलीय, ते वेगळं प्रकरण.

आज पाचवा दिवस व्यायामाचा. चालतेबोलते ताई एक विचारायचं होतं, खुर्चीवरून उठताना गुडघ्यात कटकट आवाज येतो, आई घाबरून अर्ध्यातच बसते. चालू ठेवायचं का?

चालतेबोलते:
आवाजाबरोबर दुखतं का? नुसताच आवाज असेल तर येऊ दे, चालू ठेवा, खुर्चीवर अजून एक उशी टाका. गुडघा मध्येच अडकला, सरळच होईना किंवा सूज आली तर थांबा आणि दाखवून या.

रानजाई:
नाही दुखत म्हणाली. उशी ठेवतेय.